हौदातले वीस मासे

सकाळचे पाच वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती आणि पाणीमास्तर हौदाच्या कठड्यावर कोपरं टेकून मासे मोजत होते.

मोजायची त्यांची एक पद्धत होती. कुलपाच्या किल्लीनं कठड्यावर तीनदा टकटक करायची. बोटाएवढे सोनेरी मासे आवाज ओळखून वर यायचे आणि मग डावीकडून उजवीकडे मोजायचे. अकरा वर्षं मोजत होते. एखादा मासा गेला की त्याच आठवड्यात दुसरा आणून आकडा पुरा करायचे, त्यामुळे वहीत बहुतेक दिवशी एकच नोंद असायची: मासे वीस, हालचाल ठीक.

त्या दिवशी किल्ली वाजवली तेव्हा सहा मासे हलले. बाकीचे चौदा आधीच वर आले होते, आडवे.

मास्तरांनी दुसऱ्यांदा मोजलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं. आकड्यात फरक पडला नाही.

मग ते हौदापासून वीस पावलांवर असलेल्या मोठ्या व्हॉल्व्हकडे गेले आणि त्याचं लोखंडी चाक फिरवू लागले. पूर्ण बंद व्हायला चौदा फेरे लागतात. चौदावा फेरा पुरा झाला तेव्हा घड्याळात पाच पन्नास झाले होते. त्यांनी शेडमध्ये जाऊन वही उघडली आणि लिहिलं: "मासे सहा जिवंत, चौदा मृत. कारण माहीत नाही. बाहेरचा व्हॉल्व्ह ५.५० ला बंद केला." खाली सही केली. त्यांची सही म्हणजे नुसतं एक वळण आणि ठिपका, पण ती सगळ्या कारखान्याला ओळखू यायची.

यानंतर त्यांनी फोन लावला तो मॅनेजरना नाही, ओढ्याच्या पाण्यावर भाजी पिकवणाऱ्या मेहुण्याला.

"ओढ्याचं पाणी आज घेऊ नकोस. मी सांगेपर्यंत."

"का हो, दाजी? काय झालं?"

"माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच सांगतोय."

"बरं. काल संध्याकाळी घेतलंय पण. त्याचं काय?"

"ते कळलं की सांगतो."

"लवकर कळू द्या. पालकाची जुडी बांधायला बसलोय."

हा कारखाना टॉवेल बनवतो. सूत बाहेरून येतं, इथे विणतात, रंगवतात, शिवतात आणि खोक्यांत भरून समुद्रापलीकडे पाठवतात. रंगवण्याच्या खात्यातून निघालेलं पाणी पाच टाक्यांतून साफ होत होत शेवटी ओढ्यात जातं. हे साफ करणारा प्लांट मास्तरांच्या ताब्यात. पाचव्या टाकीतून एक बारीक नळ माशांच्या हौदात सोडलेला आहे. मासे जगले तर पाणी ओढ्यात सोडण्यासारखं, इतका साधा हिशेब. व्हॉल्व्ह बंद केला तर पाणी पाचव्या टाकीत साचतं. तिथे पाच तासांची जागा होती. म्हणजे अकराच्या सुमारास रंगवण्याची यंत्रं थांबवावी लागणार होती.

आणि दहा वाजता ऑडिट होतं.

मास्तरांचं शिक्षण दहावीपर्यंत, त्यातही दहावीशी त्यांचं पटलं नव्हतं. मास्तर ही पदवी त्यांना कारखान्यानं दिली. विसाव्या वर्षी ते रंगवण्याच्या खात्यात लागले तेव्हा त्या खात्यात हातमोजे नावाची वस्तू नव्हती. कोपरापर्यंत हात ज्या रंगाची बॅच असेल त्या रंगाचे व्हायचे. मुलगी पाहायला गेले तेव्हा निळी बॅच चालू होती. हात पाठीमागे बांधून ते तासभर बसले. मुलीच्या आत्यानं शेवटी विचारलं, "मुलाला हात आहेत ना?" त्यांनी हात पुढे केले. मुलगी हसली आणि लग्न ठरलं. त्या हसण्याचा अर्थ होकार होता की नुसतं हसू होतं, यावर त्या घरात तीस वर्षं वाद चालू आहे.

मुलगी ओढ्याच्या खालच्या वस्तीतली होती. तिच्या लहानपणी वस्तीला टॉवेलांची फॅशन सगळ्यांच्या आधी कळायची, कारण ओढा त्याच रंगाचा वाहायचा. पुढे सरकारी नियम आले, माल घेणाऱ्या कंपन्यांच्या अटी आल्या, प्लांट बांधला गेला. पाण्यातला रंग उतरवायचा कसा हे ज्याला रंग चढवता येतो त्यालाच कळेल, असं मालकांचं म्हणणं पडलं आणि मास्तर या बाजूला आले. प्लांटचं पुस्तक परक्या भाषेत होतं. त्यांनी ते दोन वर्षं एका हातात शब्दकोश धरून वाचलं. आता पाणी काचेच्या नळीत धरून उजेडाकडे पाहिलं की ते आधी आकडा सांगतात आणि मीटर मागून त्याला दुजोरा देतो.

मासे मात्र त्यांच्या बायकोमुळे आले. प्लांट सुरू झाल्यावर त्यांनी एकदा तिला कौतुकानं आणून सगळं दाखवलं होतं. टाक्या, पंप, मीटर, मीटरवरचे आकडे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात मासा जगतो का?"

"अगं, आकडा बघ ना."

"आकडा तुम्हाला कळतो. माझ्या भावाच्या पालकाला कळत नाही. मासा जगतो का ते सांगा."

पुढच्या आठवड्यात हौद बांधला गेला.

चार वर्षांपूर्वी कारखान्यानं दहा वचनांवर सही केली. जगभरच्या कंपन्या करतात तशी. माणसांच्या हक्कांबद्दल दोन, कामगारांबद्दल चार, पर्यावरणाबद्दल तीन आणि लाचलुचपतीबद्दल एक. ती पाळली जातात का, हेच ऑडिटमध्ये तपासतात. चौकटीत घालून ती गेटपाशी, कँटीनमध्ये आणि मालकांच्या खोलीत लावली आहेत. गेटपाशी ती भिंत पावसाची ओल खाते, म्हणून तिथली चौकट दरवर्षी बदलावी लागते. बहुतेकांना दहापैकी चार-पाच पाठ आहेत. मास्तरांना सातवं नीट पाठ होतं, कारण ते त्यांना स्वतःसाठीच लिहिल्यासारखं वाटायचं. त्याचा सरळ अर्थ असा, की नुकसानीची शंका आली तर आधी थांबा, खात्री मागून करा.

साडेसहाला मॅनेजर आले. घरच्या चपला, अर्धी दाढी. तीन आठवडे ते या ऑडिटसाठी झोपले नव्हते असं त्यांची बायको सांगायची, आणि ते खरं असावं. माणूस वाईट नव्हता. फक्त यादी दिसली की त्यांना खूण केल्याशिवाय चैन पडत नसे, आणि आज त्यांच्या यादीत हौदापुढे खूण झालेली होती.

त्यांनी हौदात पाहिलं.

"मास्तर, कुणी पाहिलं?"

"मी पाहिलं."

"तुमच्याशिवाय?"

"बॉयलरवाल्यानं. म्हणजे आता सगळ्यांनी."

"रीडिंग काय म्हणतंय?"

"सगळी रीडिंग ठीक आहेत. तीच तर अडचण आहे. मीटर म्हणतोय पाणी चांगलं, मासे म्हणताहेत नाही. दोघांतला एक खोटं बोलतोय."

"मासे कुठे खोटं बोलतात, मास्तर?"

"मीही तेच म्हणतोय."

मॅनेजर कठड्यावर टेकले, ओलं लागलं म्हणून लगेच उठले. "आता हा व्हॉल्व्ह उघडा. अकराला यंत्रं थांबली आणि बाई तिथेच उभ्या असल्या तर मी काय सांगू?"

"जे झालं ते."

"नऊला माशांचं दुकान उघडतं. चौदा मासे मी आणतो. हौद भरलेला दिसला की झालं. वहीत लिहिलंत का?"

"पाच पन्नासला."

"ते पान…" मॅनेजरांनी वाक्य अर्धवट सोडलं.

"वही शिवलेली आहे साहेब. पानांवर छापील आकडे आहेत. मागच्या ऑडिटनंतर तुम्हीच आणलीत, पान फाडता येऊ नये म्हणून."

मॅनेजरांना ते आठवलं. त्या वह्यांवर त्या वर्षी त्यांना शाबासकीही मिळाली होती. ते दोन पावलं गेले, परत आले.

"तुमचा अर्ज माझ्या टेबलावर आहे, मास्तर."

हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नाही. बोलायला दुसरं काही सुचेना तेव्हा माणूस जे हाताशी असेल ते बोलतो, तसं म्हटलं. पण अर्ज होता. मास्तरांना अठ्ठावन्न पुरी व्हायला तीन महिने राहिले होते. त्यांनी दोन वर्षांची मुदतवाढ मागितली होती. धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण व्हायला अजून दीड वर्ष होतं, आणि निर्णय मॅनेजरांच्या शेऱ्यावर अवलंबून होता.

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "त्याच्यावर पेपरवेट मीच ठेवलाय. पंख्यानं उडत होता."

मॅनेजर गेले. मास्तर बादली शोधायला लागले.

बॉयलरवाला त्यांचा सव्वीस वर्षांपासूनचा दोस्त. बारा गावचं पाणी प्यालेला, आणि त्या प्रत्येक गावाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय न राहणारा. पाळी संपवून तो घरी जायला निघाला होता, पण असा तमाशा सोडून जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"काय रे मास्तर, मासे गेले म्हणजे तूही जाणार का?"

"बादली धर."

मास्तरांनी पाचव्या टाकीतून थेट पाणी काढलं, बादली भरली आणि जिवंत सहा मासे जाळीनं उचलून त्यात सोडले. मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडत होते, उकाड्यात माणसं खिडकीशी बसतात तसे. पावणेसात झाले होते तेव्हा. आता सात वाजले होते.

"बघ," मास्तर म्हणाले.

मासे बादलीच्या तळाशी गेले होते. एक दुसऱ्याच्या मागे लागला होता.

"म्हणजे?"

"म्हणजे टाकीचं पाणी त्यांना मानवतंय. खोट पाण्यात नाही, हौदात आहे. पण साडेतीन तास बघायचं. सवादहापर्यंत."

"मॅनेजर तोपर्यंत उकळतील."

"उकळू दे. तू बॉयलरवाला आहेस, तुला सवय आहे."

हौदाचा कठडा ओला का आहे, हा प्रश्न मास्तरांच्या डोक्यात मॅनेजरांनी टेकून उठल्यापासून होता. पाणी हौदातून जाळीच्या तोंडानं बाहेर पडायला हवं. ते कडेवरून वाहत होतं. त्यांनी बाही सरकवून हात कोपरापर्यंत आत घातला आणि जाळीवर बोटं फिरवली. हाताला जे लागलं ते त्यांनी बाहेर काढून कठड्यावर ठेवलं. भिजून फुगलेला पाव. त्याखाली अजून पाव. बिस्किटांचा चिखल. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक. तळाला चार बोटं गाळ झाला होता आणि त्याला वास येत होता.

जाळी बुजली होती. वरचं पाणी वाहत होतं, खालचं पाणी आठवडाभर जागचं हललं नव्हतं. अन्न कुजताना पाण्यातला प्राणवायू खाल्ला जातो, आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मास्तरांनी मीटरची काडी हौदाच्या तळाशी सोडली. रोज ते टाकीतलं रीडिंग घ्यायचे, हौदातलं कधीच घेतलं नव्हतं. अकरा वर्षांत नाही. मासे आहेत ना मोजायला, असं वाटायचं. काटा जवळजवळ शून्यावर जाऊन बसला.

"मासे पाण्यानं नाही मेले," ते म्हणाले. "जेवून मेले."

यावर बॉयलरवाला काही बोलला नाही. तो गप्प बसणं ही कारखान्यात नोंद घेण्यासारखी घटना होती. मास्तरांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"किती?"

"एक तुकडा रे. रोज फक्त एक."

"कधीपासून?"

"ते प्रश्न वाटले तेव्हापासून. आठ दिवस."

प्रश्न मॅनेजरांनी वाटले होते. ऑडिटवाले कामगारांना एकेकटं बोलावून काय विचारतात, त्याची बारा प्रश्नांची यादी. ओव्हरटाइम मर्जीनं करता का, आगीचं दार कुठे आहे, तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे असते. अकरावा प्रश्न असा होता: "पर्यावरणासाठी तुम्ही स्वतः काय करता?" आणि यादीच्या तळाशी मॅनेजरांनी लाल अक्षरांत लिहिलं होतं, "पाठ केलेली उत्तरं नकोत. खरं तेच सांगा."

"आता तूच सांग," बॉयलरवाला म्हणाला. "मी पर्यावरणासाठी काय करतो? मी बॉयलर पेटवतो. धूर सोडतो. ते सांगू त्या बाईंना? खोटं बोलायचं नाही म्हणतात. मग म्हटलं, काहीतरी खरं करून ठेवू. मासा पर्यावरणातच येतो ना?"

"येतो."

"मग?"

मास्तर कठड्यावरचा ढीग बघत होते. एका माणसाचा रोजचा एक तुकडा, आठ दिवस. ढीग त्याच्या कितीतरी पट होता. पावाचे दोन प्रकार, बिस्किटांचे निदान तीन. पण यावर विचार करायला वेळ नव्हता. त्यांनी हौद उपसायला घेतला. बॉयलरवाल्यानं न सांगता दुसरी बादली उचलली, आणि त्या दिवशी त्यानं एकाही गावाची गोष्ट सांगितली नाही.

नऊ पस्तीसला मॅनेजर लगबगीनं आले. दाढी आता पूर्ण होती, बूट चकचकीत होते आणि हातात फुगलेली प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत चौदा सोनेरी मासे. हौद रिकामा, घासलेला आणि कोरडा पाहून ते जागीच थबकले.

"हे काय?"

"धुतला. भरायला अजून अर्धा तास."

"हे मासे कुठे टाकू मग?"

"सध्या हातातच राहू द्या."

हे बोलणं चालू असताना ऑडिटवाल्या बाई शेडच्या कोपऱ्यावरून वळून समोर आल्या. वीस मिनिटं लवकर. पन्नाशीच्या, ठेंगण्या, रबरी तळव्यांचे बूट घातलेल्या, खांद्याला स्वतःच्या पाण्याची बाटली. लवकर येण्याची त्यांची खोड या धंद्यात प्रसिद्ध होती. गेटवरून त्या ऑफिसात न जाता सरळ प्लांटकडे आल्या होत्या.

त्यांनी कोरडा हौद पाहिला. बादलीतले सहा मासे पाहिले. कठड्यावर जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेले चौदा मेलेले मासे पाहिले. मग मॅनेजरांकडे पाहिलं.

"तुमच्या हातात काय आहे?"

मॅनेजरांच्या चेहऱ्यावरून दहाही वचनं एकामागून एक निघून गेली. "मासे," ते म्हणाले.

बाईंनी वाट पाहिली. वाट पाहणं हे त्यांच्या कामाचं अर्धं हत्यार होतं.

"आधीचे चौदा मेले," मास्तर मध्येच म्हणाले. "वहीत लिहिलंय, पाच पन्नासला. साहेबांनी भरपाईला चौदा आणलेत. मासा गेला की आठवड्यात दुसरा आणतो आम्ही, मागची पानं बघा. साहेबांनी तेच काम त्याच दिवशी केलंय."

यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. मॅनेजरांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "पावती आहे." मग थोडं थांबून, मास्तरांकडे न पाहता म्हणाले, "खरं सांगायचं तर मी तुम्ही यायच्या आत टाकणार होतो."

"अस्सं," बाई म्हणाल्या आणि वहीकडे वळल्या. त्यांनी ते पान वाचलं, मागची दहा पानं वाचली, मग मोठ्या व्हॉल्व्हकडे गेल्या आणि चाकावर हात ठेवला.

"हा बंद आहे."

"पाच पन्नासपासून."

"ऑडिटच्या दिवशी सांडपाणी अडवून ठेवलेला कारखाना मी पहिल्यांदा बघतेय. कुणाला विचारून बंद केलात?"

"कुणाला नाही. विचारत बसलो असतो तर सहा वाजले असते."

"आणि यंत्रं कधी थांबणार?"

"अकराला. पण थांबणार नाहीत बहुतेक. सवादहाला कळेल."

"काय कळेल?"

मास्तरांनी बादलीकडे बोट दाखवलं. त्यांनी सगळं सांगितलं, गाळ दाखवला, जाळी दाखवली आणि हौदातलं रीडिंग आपण अकरा वर्षांत कधीच घेतलं नव्हतं, हेही सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी स्वतःचा मीटर काढला, टाकीतलं पाणी तपासलं आणि मग एका उपड्या ड्रमवर बसल्या. मॅनेजरांनी खुर्ची मागवतो म्हटलं, त्या नको म्हणाल्या. अशा रीतीनं तीन मोठी माणसं पावणेदहा ते सवादहा सहा मासे बघत बसली. त्यातल्या एकाच्या हातात चौदा मासे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कुणीच सांगत नव्हतं.

दहा वीसला सहाही मासे धडधाकट होते. मास्तरांनी चौदा फेरे उलटे फिरवले. पाणी ओढ्याकडे निघालं. त्यांनी वहीत वेळ लिहिली आणि मेहुण्याला फोन केला.

"सुरू कर. कालचंही ठीक होतं."

"मग झालं काय होतं, दाजी?"

"जास्त लाड झाले."

यंत्रं थांबली नाहीत.

दुपारी बाईंनी कँटीनशेजारच्या खोलीत कामगारांना एकेकटं बोलावलं. चार वाजता मालकांच्या खोलीत शेवटची बैठक झाली. मालक, मॅनेजर, आणि बाईंनी खास बोलावलं म्हणून मास्तर. मास्तर दाराजवळच्या खुर्चीत बसले, अर्धे खुर्चीवर, अर्धे उठण्याच्या तयारीत. दोन वर्षांच्या अर्जाचं आता काय होतं ते याच खोलीत कळणार, एवढं त्यांना समजत होतं.

बाईंनी कागद पुढे ओढला.

"मी एकवीस कामगारांशी बोलले. पगार वेळेवर, दारं उघडी, तक्रारपेटीची किल्ली कामगारांच्याच समितीकडे. ते ठीक. अकरावा प्रश्न मी सगळ्यांना विचारला. पर्यावरणासाठी तुम्ही स्वतः काय करता. सतरा जणांनी एकच उत्तर दिलं."

मालकांनी अभिमानानं मॅनेजरांकडे पाहिलं. त्यांना वाटलं, चांगली तयारी करून घेतली.

"माशांना खायला घालतो," बाई म्हणाल्या. "विणकाम खात्यातला एकजण पाव. शिवणकामातल्या दोघी बिस्किटं. पॅकिंगवाल्या ताई घरून उकडलेल्या अंड्याचा बलक आणत होत्या, तो म्हणे माशांना चांगला. प्रत्येकानं थोडंच घातलं. एकवीसात सतरा. तुमच्याकडे माणसं तीनशे बारा आहेत. हिशेब तुम्हीच करा."

कुणी हिशेब केला नाही.

"कुणी खोटं बोललं नाही," बाई पुढे म्हणाल्या. "खरं उत्तर देता यावं म्हणून त्यांनी आधी खरं काम केलं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं मला अजून ठरवता आलेलं नाही." त्यांनी पेन उचललं. "एक प्रश्न राहिला. तो मला वरपासून खालपर्यंत विचारावा लागतो. मालक, पर्यावरणासाठी तुम्ही स्वतः काय करता?"

मालक साठी ओलांडलेले, पांढऱ्या केसांचे, चहाचा कप कधीही आवाज न करता ठेवणारे. त्यांनी आज कप ठेवला तो वाजला.

"संध्याकाळी घरी जाताना," ते म्हणाले, "मी तिकडून जातो. दोन बिस्किटं."

बाईंनी उचललेलं पेन परत खाली ठेवलं.

"क्रीमची का, मालक?" मास्तरांनी विचारलं.

"हो. का?"

"जाळीत तीच चिकटली होती."

पहिल्यांदा बाई हसल्या. मग मालक, आणि हसावं की नाही याची कुठल्याच यादीत सूचना नसल्यामुळे सगळ्यात शेवटी मॅनेजर.

"मी मात्र नाही घातलं," मॅनेजर डोळे पुसत म्हणाले. "मला वेळच नव्हता. मी प्रश्न छापत होतो."

बाईंच्या अहवालात दोन उणिवा लिहिल्या गेल्या. पहिली, हौदाला नियम नाही: कोण खायला घालणार, किती, केव्हा, आणि हौदातलं रीडिंग रोज का घेतलं जात नाही. दुसरी, सगळा प्लांट एका माणसाच्या डोक्यात आहे. तो माणूस तीन महिन्यांनी निवृत्त होणार आहे आणि त्याच्या हाताखाली कुणीही तयार नाही. बारा महिन्यांत दुसरा माणूस तयार करून दाखवावा. व्हॉल्व्ह बंद केल्याबद्दल एक ओळ होती: "सातव्या वचनाचं पालन प्रत्यक्ष पाहिलं." शाबासकीचा शब्द नव्हता. त्या बाई शाबासकी देत नाहीत, असं नंतर मॅनेजर सांगत होते.

मॅनेजरांनी अर्ज पेपरवेटखालून काढला. दोन वर्षं खोडून एक केलं आणि शेरा मारला: ऑडिटच्या सूचनेनुसार.

"दोन मागितली होती, मास्तर. पण दोनाचं कारण माझ्याकडे नाही. एकाचं लेखी आहे."

"एक बास," मास्तर म्हणाले. नर्सिंगच्या शेवटच्या तीन महिन्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. पण तो सव्वा वर्ष लांबचा होता.

शिकायला रंग मिसळणाऱ्या ताईंना निवडलं. चाळिशीच्या, नऊ वर्षं रंगखात्यात. मास्तरांनी त्यांना काचेच्या नळीत पाणी धरून दाखवलं आणि विचारलं, काय दिसतं. त्या म्हणाल्या, "परवाची हिरवी बॅच. अजून थोडी शिल्लक आहे." मास्तरांनी मीटर लावला. होती. त्यांनी मीटर बंद केला आणि पुस्तकाचा पहिला भाग त्यांच्या हाती दिला, शब्दकोशासकट.

ऑडिटच्या दिवशी संध्याकाळी घरी बायकोनं दारातच विचारलं. भावानं तिला सकाळी सहालाच फोन केला होता, त्यामुळे अर्धी गोष्ट तिच्याकडे मास्तरांच्या आधीच पोहोचली होती.

"मासा जगतो का?"

"सहा जगले. चौदा नवे आहेत, ते बादलीत आहेत."

"आणि मेले ते कशानं?"

त्यांनी सांगितलं. ती हसता हसता पायरीवर बसली. "अति तिथे माती म्हणतात ते तुमच्या हौदात बघायचं. आणि तुम्ही? तुम्ही पर्यावरणासाठी काय करता म्हणालात?"

"मला विचारलंच नाही त्यांनी."

"विचारलं असतं तर?"

मास्तरांनी खरोखर विचार केला. "मोजतो म्हटलं असतं."

"तेवढंच?"

"तेवढंच करतो."

ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली. जाता जाता म्हणाली, "हात बघू." त्यांनी हात पुढे केले. हौद घासल्यानं बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. तिनं बघितलं आणि ती तीस वर्षांपूर्वीसारखं हसली.

हौदाच्या कठड्यावर आता एक पाटी आहे: "खायला घालू नये. घालणाऱ्याचं नाव वहीत असतं." खाली चमचा साखळीनं बांधलेला आहे. उद्या सकाळी पाच बेचाळीसला मास्तर किल्लीनं तीनदा टकटक करतील. वहीत दोन वेगळ्या ओळी आखून ठेवल्या आहेत, जुने सहा आणि नवे चौदा. सहा वाजता टाकीचं रीडिंग, सहा दहाला हौदाचं. साडेअकराला रंगवाल्या ताई एक सपाट चमचा खाणं टाकतील आणि सही करतील.